निर्मनुष्य युद्धनौका

चिमट्याच्या टोकातून ती वस्तू सुटली तेव्हा आवाज असा झालाच नाही. झाला असेल तर एखाद्या कीटकाने पंख मिटावेत इतकाच. युद्धनौकेच्या कुशीला टांगलेली छोटी होडी पाण्यात उतरवण्यासाठी जी वाकडी पितळी भुजा असते, ती ही. साडेतीनशेपटीने लहान केलेली, म्हणजे तांदळाची कणी वाकवून उभी करावी एवढी. क्षणापूर्वी ती दिव्याच्या प्रकाशात होती आणि पुढच्या क्षणी या जगात कुठेच नव्हती. असे यापूर्वी कधी घडले नव्हते असे नाही. नौकांच्या चिमुकल्या प्रतिकृती जोडण्याचा हा उद्योग करणारा प्रत्येक जण जाणतो की खोलीतली फरशी ही मोठी अधाशी असते, आणि तिने एकदा गिळलेले ती सहसा परत देत नाही. याच भयापोटी त्याने टेबलाच्या पुढच्या कडेला एक जुनी चादर टाचण्यांनी टोचून ठेवली होती. कामाला बसले की ती मांडीवर ओढून घ्यायची, म्हणजे निसटलेले तुकडे झोळीत पडत. पण आज तो चिकटद्रव आणायला म्हणून बाहेर पडला होता, दुकान बंद दिसले म्हणून परतला होता, बायको न्हाणीघरात होती म्हणून आपल्याच किल्लीने दार उघडून आत शिरला होता, आणि बाटलीच्या तळाशी एवढ्याशा भुजेपुरता तरी उरला असेल अशा घाईने, चादर मांडीवर न घेताच, खुर्चीत टेकला होता. चादर पडद्यासारखी खाली लोंबत राहिली आणि भुजा तिच्या आतल्या बाजूला, टेबलाखालच्या अंधारात गेली.

तो खाली उतरला, गुडघ्यांवर आला, आणि चादर बाजूला सारून टेबलाखाली शिरला. शोधण्याची एक रीत असते. विजेरी जमिनीवर आडवी ठेवायची. मग प्रकाश फरशीला घासून जातो आणि प्रत्येक कणाला त्याच्या लायकीपेक्षा मोठी सावली देतो. वस्तू दिसत नाही, पण तिची सावली दिसते. धुळीच्या, केसांच्या, सुकलेल्या रंगाच्या टवक्यांच्या लांबच लांब सावल्या त्याच्यासमोर एखाद्या ओसाड प्रदेशासारख्या पसरल्या. आयुष्यभर नकाशांच्या कचेरीत आरेखक म्हणून बसलेल्या त्या माणसाला या दृश्यात एक निगूढ समाधान वाटले. गाल फरशीला टेकवून तो ते पाहत राहिला. तेवढ्यात दाराची घंटा वाजली, न्हाणीघराचे दार उघडले, बोलणे झाले, आणि दोन बायकांची पावले थेट या खोलीकडे आली. एक जोडी बायकोची. दुसरी, ठाशीव आणि निःसंकोच, तिच्या धाकट्या बहिणीची.

"दर्यासारंग कुठे गेलेत?" मेहुणीने विचारले. हे नाव तिनेच त्याला लग्नानंतर कधीतरी बहाल केले होते.

"डिंक आणायला."

"म्हणजे सगळं आरमार डिंकावर उभं आहे म्हण की! ताई, तळ्यावरच्या होडीत बसवलं होतं तेव्हाचं आठवतंय? काठ सुटायच्या आत भाऊजींनी ओकायला माझी पर्स मागितली होती."

"गप्प बस गं." पण बायको हसली.

याच वेळी तो बाहेर येऊ शकला असता. चादरीतून डोके काढून, 'मी इथेच आहे बरं का, पर्स आणली आहेस ना?' असे म्हणता आले असते, आणि मेहुणी किंचाळली असती, तिघेही हसले असते, आणि तो दिवस इतर दिवसांत मिसळून गेला असता. वाक्य त्याच्या जिभेवर तयारही होते. पण त्याच निमिषात, वाक्याची वाट न पाहता, त्याच्या अंगठ्याने विजेरीची कळ दाबली आणि टेबलाखाली अंधार केला. असे का झाले हे त्याला स्वतःलाही सांगता आले नसते. लपावे असे मनात नव्हते. आपल्यामुळे कुणाच्या बोलण्यात खंड पडू नये, एवढीच ती जुनी, जन्मभराची सवय. परंतु दिवा विझवणारा माणूस आणि दिवा लावून शोधणारा माणूस यांत केवढे अंतर पडते, हे त्याला अंधार झाल्यावर कळले. आता बाहेर यायचे तर दिवा का विझवला हेही सांगावे लागणार होते.

"मी अजून सांगितलेलंच नाही त्यांना," बायको म्हणाली.

"काय? अगं, आज उत्तर द्यायचंय ना तुला?"

"आजच. आता थोड्या वेळात फोन करायचाय."

जे सांगितलेले नव्हते ते त्याला असे, तुकड्यातुकड्याने, फरशीवर गाल टेकवून कळले. डोंगरांपलीकडच्या एका गावी रुग्णालय होते, तिथे परिचारिकांची शाळा निघायची होती, आणि तिची मुख्य म्हणून त्यांना त्याची बायको हवी होती. मोठ्या रुग्णालयात सगळी हयात परिचारिका म्हणून, आणि शेवटी शेवटी मुख्य परिचारिका म्हणून काढून ती गेल्याच वर्षी निवृत्त झाली होती. तेव्हापासून ती घरात असे, म्हणजे एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत चालत असे. मुलगी आपल्या संसारात दूर होती. तो या खोलीत असे.

"मग सांग की! खाणारेत का ते तुला?"

"खाल्लं असतं तर बरं झालं असतं." बायको थोडी थांबली. "ते 'जा' म्हणतील."

"मग हवंय काय तुला? सुंठीवाचून खोकला गेला."

"मान वर न करता म्हणतील गं."

अंधारात त्याला प्रथम राग आला. हा अन्याय आहे, असे त्याच्या मनात एखाद्या अर्जाच्या भाषेत उमटले. आपण कधी तिला कशाला नाही म्हटले? रात्रपाळीला जाऊ नको म्हटले? ताटात काय आहे याबद्दल एक अक्षर कधी काढले? मग रागाच्या पाठोपाठ, रागाला ढकलत, एक संध्याकाळ आली. त्या संध्याकाळी ती कामावरून आली होती आणि याच दारात उभी राहून काहीतरी सांगत होती. कुणीतरी तरुण मुलगी, प्रसूत झालेली, तिच्या हातात हात देऊन गेलेली. आणि तो मेणबत्तीवर प्लास्टिकची काडी तापवत होता. डोलकाठ्यांमधल्या दोऱ्या अशाच कराव्या लागतात. काडी मऊ झाली की ज्योतीवरून दूर घ्यायची आणि दोन्ही हात एका लयीत फाकवायचे. मग त्या काडीतून केसाहून बारीक असा तंतू निघतो, आणि तो निघत असताना श्वास घ्यायचा नसतो. त्याने श्वास घेतला नाही. तंतू अखंड निघाला, हातभर लांब, दोषरहित. 'हं,' तो म्हणाला होता. ती दारातून केव्हा गेली ते त्याला आठवेना. तो तंतू मात्र अजून होता. आत्ता त्याच्या डोक्यावर, टेबलाच्या फळीपलीकडे, मुख्य डोलकाठीवरून पिछाडीकडे ताणलेला. त्या मुलीचे नाव बायकोने सांगितले असणार. ते त्याला कधीच ऐकू आले नव्हते.

"खरं सांगू?" मेहुणी म्हणत होती. "भाऊजी वाईट नाहीत. वाईट असते तर तुला सोपं गेलं असतं. भांडली असतीस, आदळआपट केली असतीस. या माणसाशी भांडायचं म्हणजे भिंतीशी कुस्ती."

"भिंत तरी समोर असते," बायको म्हणाली.

चादर फरशीपासून वीतभर वरच संपत होती. त्या फटीतून त्याला चार पावले दिसत होती. मेहुणीची बोलताना हलणारी. बायकोची स्थिर, एकमेकांना लागून. बायकोच्या टाचांना भेगा होत्या. डाव्या घोट्याच्या वर एक जुना, चकाकणारा व्रण होता, भाजल्यासारखा. हा कशाचा? केव्हाचा? नौकेच्या नांगराच्या साखळीखाली गंजाचा ओघळ किती लांब असावा आणि त्याचा रंग खाली येताना कसा विरत जावा, यासाठी त्याने कित्येक छायाचित्रे भिंगाखाली धरली होती. या घोट्यावर काय सांडले होते हे त्याला ठाऊक नव्हते. आणि आता विचारायला जावे तर तो कुठून पाहिला, हे सांगावे लागेल. विचार असा पुढे जाई आणि पुन्हा त्याच अंधारावर येऊन आदळे.

रंगांचेही एक शास्त्र असते. खऱ्या नौकेवर जो करडा रंग लावतात तोच तसाच्या तसा छोट्या प्रतिकृतीला लावला तर ती काळवंडलेली, मेलेली दिसते. कारण डोळ्याला ठाऊक असते की एवढी लहान दिसणारी नौका दूर असली पाहिजे, आणि दूरच्या वस्तूवर हवेचा थर असतो. म्हणून रंगात थोडे पांढरे मिसळायचे. जितकी प्रतिकृती लहान तितके पांढरे अधिक. दूरत्व असे बाटलीतून मिसळता येते. या मिश्रणात त्याचा हात इतका बसला होता की पाहणारे थक्क होत. पाच हातांवरून पाहावे आणि क्षितिजावर पाहिल्यासारखे वाटावे. आज त्याला प्रथमच शंका आली की हा हात नौकांपुरता थांबला नसावा. मुलगी सासरी जाताना रडली, ती त्याला फिकट दिसली होती. आईच्या चितेचा अग्नी फिकट दिसला होता. कशावरही त्याने मूळ रंग राहू दिला नव्हता. आणि आता हा घोटा, हा व्रण, वीतभर अंतरावर, एकास एक प्रमाणात, आणि त्याच्यावर हवेचा थरच नाही.

"तुला जायचंय की नाही, तेवढं बोल."

"जायचंय." मग पुन्हा, आवाज उतरवून, "मला फार जायचंय गं. परवा स्वप्नात मी एका पोरीला सुई कशी धरायची ते शिकवत होते. जागी झाले तर बोटं तशीच."

"मग झालं तर!"

"पण जाताना कुणीतरी अडवावं असंही वाटतं. नाहीतर मग बरोबर यावं. दोन्हीतलं एकही नाही झालं, तर इतकी वर्षं मी राहत होते कुठे?"

मेहुणीची हलणारी पावले थांबली. हे थांबणेच त्याला भयंकर वाटले. मग टेबलाजवळ हालचाल झाली. नौकेसमोर कुणीतरी वाकले असावे. "कसली बारीक कलाकुसर आहे," मेहुणी हळू म्हणाली, "पण ताई, यावर माणसं का नाहीत गं? एवढ्या तोफा, एवढे जिने, अन् चिटपाखरू नाही."

"विचारलं होतं मी एकदा. म्हणाले, माणसं ठेवली की जहाज खेळण्यासारखं दिसतं."

तो म्हणाला होता खरा. सुट्या भागांच्या खोक्यात खलाशी येत, पितळेचे, पत्र्यातून कापून काढलेले, मुंगीएवढे; ते तो एका डबीत टाकून देई. त्याचे म्हणणे चूक नव्हते. कितीही कौशल्याने रंगवा, एवढ्याशा माणसाला मुद्रा नसते, चालण्यातला झोक नसतो, आणि त्याच्या शेजारी उभे राहिले की अचूक तोफसुद्धा खोटी पडते. निर्मनुष्य नौका मात्र खरी वाटते. जणू सगळे नुकतेच आत गेले आहेत आणि हाक मारली की बाहेर येतील. या 'जणू'वर त्याने केवढा विश्वास ठेवला होता! घरही त्याला तसेच वाटत आले होते. सगळे आत आहेत, हाक मारली की येतील. त्यामुळे हाक मारायचे कधी प्रयोजनच पडले नाही.

गुडघ्यात कळ सुरू झाली होती. डावा हात अंगाखाली बधिर झाला होता. पहिल्या क्षणी बाहेर येणे हा विनोद होता, नंतर तो ओशाळेपणा झाला, आणि आता तो गुन्हा होत चालला होता. टेबलाच्या फळीखाली, खिळ्यांची टोके आणि सुताराच्या पेन्सिलीची खूण डोळ्याच्या कोपऱ्यात घेऊन, तो असा पडला होता की पुढे चादर, मागे भिंत, वर आपणच रचलेले जग. त्याला वाटले, आपण इथे आज शिरलो नाही. आज फक्त आढळलो.

मेहुणी उठली. "निघते मी. फोन कर, अन् काय ते एकदा ठरव. दर्यासारंगांना माझा दंडवत सांग." दोघी दारापर्यंत गेल्या, तिथे थोडे कुजबुजल्या, दार लागले. आता बायको स्वयंपाकघरात जाईल, असे त्याने मनोमन योजले. मग आपण बाहेर येऊ, दाराशी जाऊ, नुकतेच आल्यासारखे खाकरू. पण पावले परत या खोलीत आली. फोनवरचा आवाज घरात इथेच काय तो नीट येई. ती त्याच्याच खुर्चीत बसली. तिची पावले चादरीखालून आत आली आणि त्याच्या उताण्या तळहातापासून बोटभर अंतरावर थांबली.

तिने क्रमांक लावला. नमस्कार झाला. होय, येते म्हणाली. हे 'येते' तिने इतक्या साध्या आवाजात म्हटले की त्याला वाटले आपण काहीतरी चुकीचे ऐकले. मग पलीकडचे कुणी बराच वेळ बोलले. मग ती म्हणाली, "राहायची सोय ना? एकटीची खोली की दोघांचं घर, असं विचारताय तुम्ही?"

आणि ती थांबली.

हा विराम मोठा होता. कोणताही तुकडा चिकटवण्यापूर्वी तो कोरडा बसवून पाहायचा असतो, चिकटद्रव न लावता. बसतो का, फट राहते का, हे पाहून मगच हात घालायचा. त्याने वाक्य कोरडे बसवून पाहिले. 'मी येतो.' बसत होते. 'थांब' हेही बसत होते, पण तिची ती स्वप्नातली बोटे आठवून त्याने ते बाजूला ठेवले. 'मी येतो.' दोनच तुकडे, मध्ये फट नाही. मग, बोलण्याच्या अगदी काठावर, त्याच्या मनात आले की नौका इतक्या लांब न्यायची तर डोलकाठ्या आधी उतरवाव्या लागतील, तो तंतू तुटेल, आणि तसा तंतू आता पुन्हा निघेल का? हे मनात आले याची त्याला इतकी लाज वाटली की दुसरे काहीच वाटायला जागा उरली नाही. छातीत श्वास तसाच अडकून राहिला. समोर तिच्या पायाचा अंगठा एकदा वर उचलला गेला आणि पुन्हा टेकला.

"तूर्त एकटीची खोली लिहा," ती फोनवर म्हणाली. "बदल असला तर आज संध्याकाळपर्यंत कळवते."

फोन ठेवल्यावर ती जागची हलली नाही. मग कुणाला औषधाची वेळ झाल्याचे सांगावे तशा स्वरात म्हणाली, "या आता बाहेर. गुडघे आखडले असतील."

तो तसाच पडून राहिला, जणू न हलल्याने आपण तिथे नाहीच असे अजूनही ठरेल.

"श्वास रोखून पडलेला माणूससुद्धा ऐकू येतो मला. जन्म गेलाय त्यात."

तिने खुर्ची मागे सरकवली आणि चादर हाताने वर धरली, एखाद्या कोठडीचे दार धरावे तशी. तो आधी कोपरांवर, मग गुडघ्यांवर, असा बाहेर आला. गालावर फरशीची धूळ होती. तिने ती पुसली नाही. पण तिचा हात अर्ध्यावर उचलला गेला होता, हे त्याने पाहिले.

"भुजा पडली होती," तो म्हणाला. "होडीची."

"सापडली?"

"नाही."

"केर काढताना बघते." आणि मग, आपल्याच वाक्याला अडखळून, "आहे तोवर बघते."

ती पलीकडच्या खोलीत गेली. तो टेबलाला धरून उभा राहिला, आणि ऐकलेले प्रत्येक वाक्य त्याच्या मनात सावकाश वळून त्याच्याकडे तोंड करू लागले. तिला केव्हा कळले होते? बहीण गेल्यावर? की तो किल्लीने आत आला, तेव्हा पाण्याच्या आवाजातूनही तिने ऐकले होते? मग 'कुणीतरी अडवावं' हे कुणाला म्हटले होते? आणि फोनवरचा तो विराम. पलीकडच्या माणसाला हो किंवा नाही सांगायला एवढा वेळ कुणाला लागतो? तिने त्याच्यासाठी जागा मोकळी करून ठेवली होती, आणि त्यात त्याने कण हलू न देता शांतता भरली होती.

पलीकडून काहीतरी जड ओढत नेल्याचा आवाज आला. तो दारात गेला. तिने माळ्याखाली उंच स्टूल नेले होते आणि ती त्यावर चढत होती. मोठी बॅग माळ्यावर आत, भिंतीला लागून असे. तिचा हात तिथवर कधीच पोचत नसे, एरवी ती त्याला हाक मारी. आज तिने हाक मारली नव्हती. स्टूल डुगडुगले. तो झटकन पुढे झाला आणि त्याने दोन्ही हातांनी त्याचे पाय धरले.

"नीट धरलंय ना?" ती म्हणाली.

"धरलंय."

खिडकीतून येणारे ऊन अजून पांढरे होते. संध्याकाळ व्हायला अवकाश होता. तिच्या टाचा आता त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर होत्या, आणि त्यांच्या वर तो व्रण. ती चवड्यांवर उंच झाली, बॅगेचा बंद तिच्या बोटांना लागला, सुटला, पुन्हा लागला. त्याने स्टूल असे धरले होते की त्याला कंप म्हणून नव्हता. ते दोन शब्द अजून होते, कोरडे, जुळवून ठेवलेले. त्याने तोंड उघडले असावे, किंवा श्वास तरी वेगळा झाला असावा.

बॅग ओढायची थांबवून तिने विचारले, "काही म्हणालात?"

त्याने मान वर केली. अगदी पूर्ण वर केली. खालून तिचा चेहरा, धुळीत मिचकावलेले डोळे, कानामागून सुटलेले पांढरे केस, सगळे त्याला स्पष्ट दिसले, आणि ती वाट पाहत होती तेही.

"सावकाश उतर," तो म्हणाला.